निरोगी पायांची घसरण

ताईने फोनवर नमस्कार-चमत्कार न करता सांगितले, "तुझी वजनांची पेटी घेऊन सकाळी दहाच्या आत ये. यंत्र बिघडलंय. अकराला वायरमन येणार आहे, आणि असल्या यंत्राच्या भरवशावर मी त्याला खांबावर चढवणार नाही."

माझी मोठी बहीण अठ्ठावीस वर्षे एका इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात स्नायूंची ताकद मोजते. मी वजने-मापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. म्हणजे दुसऱ्यांचा किलो खरोखर किलो आहे की नाही, हे सांगतो. एकाच घरातल्या दोन मुलांनी मोजण्याचेच काम पत्करावे, याचे आईला शेवटपर्यंत नवल वाटत असे. वास्तविक नवल वाटण्याजोगे काही नव्हते. लहानपणी सफरचंदाचे दोन भाग करताना आम्ही फूटपट्टी मागत असू.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. मधोमध जमिनीला बोल्टने आवळलेले उंच टेबल, त्यावर राखाडी रेक्झिन. भिंतीवर सेकंदकाट्याचे घड्याळ. खिडकीखाली लोखंडी कपाट, आणि कोपऱ्यात वीतभर उंचीची एक लाकडी पायरी, जिच्यावर रुग्ण चढ-उतर करतात. खिडकीतून गाड्या उभ्या करण्याची जागा दिसते. येणारा रुग्ण गाडीतून उतरताना कोणत्या पायावर भार टाकतो, हे ताई तिथूनच पाहून ठेवते. नोंदवहीत मात्र त्यातले काही लिहीत नाही, कारण ते मोजलेले नसते.

यंत्र तळहातात मावेल एवढे आहे. एका बाजूला गादी लावलेले वळणदार टोक, दुसऱ्या बाजूला आकडा उमटणारी लहानशी काच. रुग्ण टेबलाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसतो. ताई ते टोक त्याच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर टेकवते. तो पाय पुढे रेटतो आणि ती रोखून धरते. पाच सेकंदांत जो सर्वांत मोठा आकडा उमटेल, तो मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जोर. आधी निरोगी पाय, मग दुखावलेला. दुखावलेल्या पायाचा जोर निरोगी पायाच्या निदान नव्वद टक्के असेल, तरच उंचीवर काम करणाऱ्या माणसाला ती पुन्हा कामावर जाण्याच्या कागदावर सही देते.

वायरमनचा तो कागद कपाटावर सहीपुरता कोरा पडला होता. आठ महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून वीज खात्याच्या तक्रार कक्षात बसून तो फोन उचलत होता. आज सही मिळाली, तर सोमवारी खांबावर.

"वर गेल्यावर दोन्ही हात तारांत असतात," ताई म्हणाली. "सगळा माणूस आलटून पालटून एकेका गुडघ्यावर उभा. म्हणून आकडा खरा हवा."

"यंत्राचं नक्की दुखणं काय आहे?"

"चांगले पाय कमी दाखवतंय."

तिने नोंदवही माझ्यापुढे सरकवली. अक्षर आईसारखे, सरळ आणि रागावलेले.

"हे बघ. तरण्याताठ्या माणसांचे चांगले पाय. दोन वर्षांपूर्वी एकतीस किलोच्या आसपास. मग एकोणतीस. मग सत्तावीस. आता चोवीसच्या वर कुणी जातच नाही. लोकांच्या धडधाकट पायांना वाळवी लागलीय का?"

"आणि दुखावलेले?"

"होते तिथेच. बावीस, तेवीस."

मी मनातल्या मनात भागाकार केला. दुखावलेला पाय तेवढाच राहिला आणि निरोगी पाय खाली आला, की टक्केवारी वर जाते. आजारी माणूस काही न करता बरा होतो.

"मग तुमच्या विभागाचे निकाल सुधारले असतील."

"सुधारलेत ना! विभागप्रमुखांनी बैठकीत कौतुक केलं. रुग्ण पूर्वीपेक्षा सहा आठवडे आधी कामावर जातात म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं. एकूण तीन लिहिली. तिसऱ्यात चांगलीच झाडलीय."

मी यंत्र पालथे करून पेटीतल्या लोखंडी चौकटीत बसवले आणि त्यावर एकेक वजन ठेवत गेलो. पाच किलोला पाच, दहाला दहा, वीसला एकोणीस पूर्णांक नऊ, तीसला एकोणतीस पूर्णांक नऊ. वजने उतरवली, पुन्हा चढवली. तेच आकडे. यंत्राला कमी दाखवण्याची सवय असती, तर ती इथेही दिसली असती.

"यंत्र निर्दोष आहे," मी म्हणालो. "कंपनीला चौथं पत्र लिही. माफीचं."

"मग काय सगळ्या गावाचे पाय बिघडले?"

मी नोंदवही पुन्हा उघडली आणि गेल्या दोन महिन्यांचे निरोगी पाय एका कागदावर उतरवून काढले. वृद्ध आणि आजारी माणसे हवी तशी विखुरली होती: चौदा, सतरा, एकवीस. पण फुटबॉल खेळणारा तरुण, टपाल वाटणारी बाई, गोदामातला हमाल, नृत्य शिकवणारी शिक्षिका, हे सगळे तेवीस पूर्णांक सहा आणि चोवीस पूर्णांक आठ यांच्या मध्ये दाटीवाटीने उभे होते. बुटक्या छताला सगळ्यांची डोकी टेकावीत, तसे. निसर्ग इतका टापटीप नसतो. इतका टापटीपपणा दिसला, की मी आधी मोजणाऱ्याकडे पाहतो.

"माझे पाय मोज," मी म्हणालो.

"तुझे? तू जिना चढताना तीनदा थांबतोस."

"म्हणूनच."

मी टेबलावर चढून बसलो. ताईच्या शिस्तीत खोट काढायला जागा नव्हती. गुडघा काटकोनात आहे की नाही, हे तिने कोनमापक लावून पाहिले. घोट्याच्या वर दोन बोटांवर पेनाने खूण केली, म्हणजे प्रत्येक वेळी तीच जागा. मला हात छातीवर बांधायला लावले, नाहीतर माणसे टेबल धरून जोर लावतात. ओरडण्याचेही तिचे ठरलेले होते: तीन वेळा "रेटा", एकाच पट्टीत, आवडत्या रुग्णासाठी जास्त नाही, नावडत्यासाठी कमी नाही. मग ती वाकली, उजवा तळहात यंत्रामागे लावला आणि म्हणाली, "रेट."

मी रेटले. डावा पाय चोवीस पूर्णांक एक, उजवा चोवीस पूर्णांक तीन.

"फुटबॉलवाल्याचा किती होता?"

तिने वही पाहिली. "चोवीस पूर्णांक तीन."

"अभिनंदन करशील ना माझं?"

ती हसली नाही. मी पाय रेटत असताना तिच्या हाताकडे पाहत होतो. चौथ्या सेकंदाला तिचे कोपर बोटभर वाकले होते. माझा पाय अजून पुढे जाऊ शकला असता. तो थांबला नव्हता, तिचा हात मागे सरला होता. आणि यंत्राला मधोमध ठेवले, की ते दोघांपैकी जो आधी हार मानेल त्याचा आकडा दाखवते. मी तिला एवढेच सांगितले.

"काहीतरीच काय! अठ्ठावीस वर्षं याच हातानं मोजतेय मी."

"यंत्र किती वर्षांचं?"

"सहा. त्याआधी हाताच्या अंदाजानंच गुण द्यायचो. शून्य ते पाच."

"पाच कुणाला?"

"ज्याचा पाय मला दाबता आला नाही, त्याला." तिने आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा हात आणि आजचा हात यांत फरक पडला असेल, हे वाक्य धाकट्या भावाने उच्चारण्यासारखे नव्हते.

दारावर टकटक झाली.

वायरमन इतका उंच होता, की चौकटीतून येताना त्याने सवयीने मान वाकवली. त्याचे सोबती त्याला शिडीराव म्हणत, हे त्याने ओळख करून देतानाच सांगितले. खांद्यावर कॅनव्हासची जड पिशवी होती.

"सामान घेऊनच आलात?" ताईने विचारले.

"मॅडम, इथून थेट साहेबांना कागद दाखवणार, आणि पिशवी परत गाडीत टाकणार. आठ महिने 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणतोय. परवा बायकोनं मीठ मागितलं, तिलाही तेच म्हणालो."

"गुडघा खांबावरून पडूनच गेला होता का?" मी विचारले.

"नाही हो, साहेब! तेच तर. पंधरा वर्षं खांबावर, कधी साधं खरचटलं नाही. पडलो कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. बायको म्हणते, पट्टा बांधायला काय झालं होतं?"

ताईने त्याला बसवले. कोन, खूण, छातीवर हात, सगळे यथासांग. निरोगी डावा पाय: तीन प्रयत्नांत सर्वांत मोठा आकडा चोवीस पूर्णांक दोन. उजवा: बावीस पूर्णांक सहा. मी भागाकार करून कागद तिच्याकडे फिरवला. त्र्याण्णव टक्के.

"जमलं?" वायरमनने विचारले. ताईच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून माझ्याकडे पाहून त्याने विचारले.

"नव्वदला जमतं," मी म्हणालो. ते खरे होते.

तो टेबलावरून उतरला आणि पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवू लागला. ताईने पेनाचे टोपण काढले. ती कागदाकडे पाहत होती, पण वाचत नव्हती. मग तिने टोपण परत लावले.

"जरा थांबा. एकदा पट्टा लावून घेऊ."

"कसला पट्टा?"

"माझ्या हाताऐवजी. यंत्र पट्ट्यानं टेबलाच्या पायाला बांधायचं. म्हणजे तुमचा पाय माझ्या हातावर नाही, टेबलावर रेटेल. टेबल काही थकत नाही."

कपाटातला पट्टा निघाला तो मान ताणण्याचा. टेबलाच्या पायापर्यंत पोहोचेना. ताईने तो दोनदा ओढून पाहिला. वायरमनने पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून रुंद, मळकट, दुहेरी शिवणीचा पट्टा काढला. खांबाला आणि कमरेला एकत्र बांधून घेण्याचा त्याचा स्वतःचा पट्टा.

"हा चालेल? दोन माणसं लटकली तरी काही होत नाही याला."

त्याने तो टेबलाच्या मागच्या पायाभोवती घेतला, कडी अडकवली, झटका देऊन पाहिला, पुन्हा एक घर आवळला. बांधणे त्याला आमच्यापेक्षा चांगले येत होते. ताईने यंत्र त्याच्या नडगीवर धरले, पट्टा त्यावरून आणला आणि हात फक्त यंत्र घसरू नये इतकाच ठेवला. पायांच्या क्रमामुळे काही फरक पडत असेल, तर तो या खेपेला उलटा दिसावा, म्हणून या वेळी मी दुखावलेल्या पायापासून सुरुवात करायला लावली.

उजवा पाय: बावीस पूर्णांक नऊ, तेवीस पूर्णांक एक, बावीस पूर्णांक सात. जवळजवळ तोच आकडा. वायरमनने समाधानाने मान हलवली.

मग डावा. "रेटा," ताई म्हणाली. पट्टा करकरला. "रेटा. रेटा."

अडतीस पूर्णांक चार.

तिने यंत्र काढून काचेकडे पाहिले आणि माझ्याकडे दिले. मी तीस किलोच्या वर यंत्र तपासलेले नव्हते. तेव्हा आहे त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचा मला अधिकार नव्हता. वायरमनला तसाच बसवून मी चौकट मांडली आणि चाळीस किलो चढवले. एकोणचाळीस पूर्णांक आठ. मग डाव्या पायाचे आणखी दोन प्रयत्न घेतले: सदतीस पूर्णांक नऊ, अडतीस पूर्णांक एक.

"साठ टक्के," ताई म्हणाली.

"कसले साठ?" वायरमन म्हणाला. "आत्ता तर त्र्याण्णव होते!"

"तुमचा उजवा पाय डाव्याच्या साठ टक्के आहे."

"अहो मॅडम, पण उजवा तर काहीच बिघडला नाही! तो तेवीसचा तेवीसच आहे. डावा जास्त ताकदवान निघाला, एवढंच. म्हणजे शाबासकी द्यायची सोडून तुम्ही मला घरी बसवणार? याला काय अर्थ आहे?"

हा आक्षेप वरवर हास्यास्पद वाटला, तरी तर्काने सुसंगत होता. त्याने दुसरी बाजू धरली.

"मग आधीचा आकडा लिहा. तोही याच यंत्रावरचा आहे, तुमच्याच हातचा. साहेब म्हणाले ना, यंत्र ठीक आहे?"

"यंत्र ठीक आहे," मी म्हणालो.

"मग तो चोवीस कशाचा होता?"

"माझ्या हाताचा," ताई म्हणाली. "तुमच्या पायाचा नव्हता. माझा हात चोवीसला मागे सरतो. तुमचा पाय अडतीसचा आहे, हे मला कळूच शकत नव्हतं."

वायरमनने तिच्या हाताकडे पाहिले. मग माझ्याकडे. त्याला यात काहीतरी डाव असावा, असे वाटत असल्यास नवल नव्हते. सकाळी अकरा वाजता त्र्याण्णव टक्के असलेला माणूस साडेअकराला साठ टक्के झाला होता, आणि तोही स्वतःच्याच पट्ट्याने.

ताईने कोपऱ्यातली लाकडी पायरी पायाने पुढे ओढली. "उजवा पाय हिच्यावर ठेवा आणि नुसत्या त्या पायावर उभे राहा. हात डोक्यावर. कशालाही धरायचं नाही."

"एवढंच?" तो म्हणाला आणि चढला. चढताना कमर डावीकडे झुकली, डाव्या टाचेने जमिनीला हळूच धक्का दिला, आणि मग तो वर सरळ झाला. सवयीच्या माणसाने केलेली ही लबाडी इतकी सफाईदार होती, की त्याच्या स्वतःच्याही लक्षात आली नसती.

"आता तो धक्का न देता."

दुसऱ्यांदा त्याचा गुडघा अर्ध्यात थरथरला. डोक्यावरचे हात आपोआप खाली येऊन त्यांनी टेबलाची कडा पकडली.

"वर गेल्यावर हातानं ओढून घेतो मी," तो म्हणाला.

"हात तारेत असतील तेव्हा?"

तो पायरीवरून उतरला. डाव्या पायावर उतरला, हे आम्ही तिघांनी पाहिले. त्याने कपाटावरच्या कागदाकडे पाहिले. "पंधरा वर्षं," तो एवढेच म्हणाला. ते कशाबद्दल होते, हे त्याने सांगितले नाही.

ताईने कागदावर लिहिले: उंचीवरील कामास तूर्त अयोग्य; बारा आठवडे व्यायाम; फेरतपासणी पट्टा बांधून. सही केली. मग त्याला व्यायाम समजावले, रोज किती वेळा, कोणत्या पायाने किती, आणि कोणता त्याने आजवर चुकीचा केला. तो ऐकत होता. शेवटी त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि पिशवी उचलली.

"पट्टा राहिला तुमचा," मी म्हणालो.

"राहू दे इथेच. सोमवारी मला लागणार नाही." दारात त्याने पुन्हा मान वाकवली. "बारा आठवड्यांनी येतो तेव्हा नेईन. तोवर आपली तक्रार नोंदवली आहे, मॅडम."

तो गेल्यावर ताई खिडकीशी उभी राहून तो गाड्यांच्या जागेतून जाईपर्यंत पाहत राहिली. मग खुर्ची ओढून नोंदवहीला बसली आणि गेल्या वर्षभरात ज्यांचा निरोगी पाय तेव्हाच्या कमाल आकड्याशी अडकला होता आणि ज्यांना तिने सही दिली होती, त्यांच्या नावांपुढे बारीक ठिपके देऊ लागली. एकवीस ठिपके झाले. त्यांत एक रंगारी होता, एक छपरे घालणारा, आणि तो फुटबॉलवाला.

"दोन वर्षांपूर्वीचे एकतीसही खरे नव्हते, नाही का?" तिने वर न पाहता विचारले.

"नव्हते. तेव्हा छत उंच होतं, इतकंच."

"विभागप्रमुखांना हे आवडणार नाही."

"त्यांनी टाळ्या परत मागितल्या तर देऊन टाक."

ती थोडी हसली. मग उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवून म्हणाली, "सात किलो. दोन वर्षांत. वयानं इतकं जात नाही रे. वयानं जातं, ते दोन्हीकडून सारखं जातं."

मी यंत्र उचलले आणि तिच्या पंजासमोर धरून पाय रोवून उभा राहिलो. "रेट."

"हातानं नको," ती म्हणाली. "पट्टा बांध."

मी वायरमनचा पट्टा टेबलाच्या पायाला बांधला. त्याने बांधला होता तितका चांगला मला जमला नाही. तिने तो सोडवून पुन्हा बांधून घेतला. तीन वेळा उजवा हात, तीन वेळा डावा, मध्ये एकेक मिनिट. "रेट" मीच म्हणत होतो, तीनदा, एकाच पट्टीत. उजवा चोवीस पूर्णांक चार. डावा एकोणतीस पूर्णांक सहा. ती उजव्या हाताने लिहिते; खरे तर उजवाच जास्त भरायला हवा होता.

"ब्याऐंशी टक्के," ती म्हणाली आणि वायरमनच्या खालच्या ओळीत स्वतःचे नाव, दोन्ही आकडे आणि टक्के लिहिले. शेऱ्याचा रकाना तिने रिकामा ठेवला. "मान दाखवायला हवी. मानेतून नस दबली की असं होतं. उद्या दाखवते."

"आज दाखव."

"आज एकवीस फोन आहेत."

तिने पहिला क्रमांक फिरवला. रंगाऱ्याचा होता. पलीकडे बराच गोंगाट असावा, कारण तिला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागले. नाही, पायाला काही झालेलं नाही. शिडीवरून खाली उतरा, मग बोला. पुन्हा तपासायचं आहे. मोजताना चूक झाली होती. पलीकडून काहीतरी विचारले गेले.

"नाही," ताई म्हणाली. "यंत्र ठीक आहे."